उणे बाराचा कप्पा

"वाच बरं माय, काय लिहिलंय ह्याच्यावर?" असं म्हणून दादा माझ्या तळहातावर एखादा पार्ट ठेवायचे. दादा म्हणजे माझे वडील. आमच्या घरात वडलांना दादाच म्हणायचे. मी तेव्हा तिसरी-चौथीत असेन. पार्ट नखाएवढा, त्यावरचे आकडे मुंगीच्या पायाएवढे. मी खिडकीशी जायची, पार्ट तिरपा करून उजेडाला धरायची आणि एकेक आकडा सुटा सुटा वाचायची. बरोबर आलं की दादा म्हणायचे, "पास." चुकलं तर पार्ट परत माझ्या हातावर ठेवायचे. नापास हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही.

दादा पूर्णेला रेल्वेच्या वर्कशॉपात होते. सिग्नलची आणि टेलिफोनची यंत्रं दुरुस्त करायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत टेबल मांडलं. टेबलावर काट्याचा मीटर, सोल्डरिंग गन आणि सोळा कप्प्यांची एक लाकडी पेटी. वर्कशॉपातल्या सवयी त्यांनी घरीही सोडल्या नाहीत. त्यातली एक सवय फार जुनी. यंत्रातून काढलेला मेलेला पार्ट फेकायचा नाही. तो दोऱ्यानं बांधून यंत्राच्या पोटातच ठेवायचा आणि सोबत चिठ्ठी चिकटवायची. काय काढलं, काय घातलं, आणि काही चुकलं असेल तर कोणाचं चुकलं. "पुढच्यानं झाकण उघडलं तर त्याला समदं मालूम पडलं पाहिजे," असं त्यांचं म्हणणं. चिठ्ठी आधी लिहायची, सोल्डर मागून. मागून लिहीन म्हणणारा कधीच लिहीत नाही, हेही त्यांचंच.

पण टेबलावर यायचं काय, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांचे मिक्सर आणि मोबाइलचे चार्जर. ज्या माणसाच्या हातावर अख्खा सेक्शन निर्धास्त झोपायचा, त्यानं मिक्सरचे ब्रश बदलायचे! दादा कुरकुर करत नसत. फक्त काम झालं की यंत्राकडे बघतसुद्धा नसत, बाजूला सरकवून द्यायचे.

मी परभणीला एका तंत्रनिकेतनात प्रयोगशाळेत नोकरीला आहे. आमच्या कपाटात सहा ऑसिलोस्कोप बंद पडून होते. ऑसिलोस्कोप, आम्ही नुसतं स्कोप म्हणतो, हे छोट्या टीव्हीसारखं यंत्र. वीज कशी वाहते ते पडद्यावर हिरव्या रेघेनं दाखवतं. बाकीची यंत्रं बिघडली की आम्ही ह्याच्यावर तपासतो. पण हेच बिघडलं तर तपासायचं कशावर? एक दिवस आमचे विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, तुमचे वडील रेल्वेत होते ना? एक स्कोप त्यांना देऊन बघा. जमलं तर बाकीचे पाचही त्यांच्याकडेच पाठवू."

दादांना हे सांगितलं तेव्हा "आण, बघू," एवढंच म्हणाले. पण पुढच्या रविवारी मी स्कोप चादरीत बांधून, एसटीत मांडीवर घेऊन पूर्णेला पोचले, तर दादांनी दाढी करून इस्त्रीचा शर्ट घातला होता. आई आतून म्हणाली, "सकाळी साहापासून बसल्यात. चहा सुदिक टेबलावरच घेतला." दादांनी चादरीची गाठ स्वतः सोडली, स्कोपवरून हात फिरवला आणि म्हणाले, "लय दिवसांनी मर्दासारखं काम आलं बघ." मला हसू आलं आणि बरंही वाटलं. त्या एका स्कोपवर त्यांचं सगळं होतं. तो चालू झाला तर ते पुन्हा मेकॅनिक, नाहीतर मिक्सरवाले म्हातारे.

आता मला आधीच्या पंधरवड्याची गोष्ट सांगायला पाहिजे. ती सांगायला मला जड जातं, म्हणून आतापर्यंत कोणालाच सांगितली नाही.

एप्रिलात जयंतीच्या आधी आमच्याकडे घर रंगवायचं असतं. त्या वर्षी मी दोन दिवस सुट्टी टाकून गेले होते. रंग देणाऱ्यानं पुढची खोली मोकळी करायला सांगितली आणि दादांचं टेबल हलवताना ती पेटी माझ्या हाती लागली. काय तिची दशा! सोळा कप्पे आणि एकाचाही दुसऱ्याशी मेळ नाही. पाच व्होल्टवाल्याच्या शेजारी उणे बारा व्होल्टवाला, त्याच्याखाली डायोड, मग परत रेग्युलेटर. मला पसाऱ्याची चीड आहे. मी सगळे पार्ट परातीत ओतले, कप्पे ओल्या फडक्यानं पुसले आणि नंबराप्रमाणे, डावीकडून उजवीकडे, नीट लावून टाकले. वर प्रत्येक कप्प्याला निळ्या शाईनं बारीक अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

संध्याकाळी मी मोठ्या कौतुकानं पेटी दादांपुढं ठेवली. "बघा दादा, कशी लख्ख केली. चिठ्ठ्यापण लावल्यात." दादांनी चिठ्ठ्यांवरून बोट फिरवलं. "लय छान अक्षर हाय तुझं," म्हणाले. बस, एवढंच. मी कौतुकाची भुकेली, मला तेवढ्यावर समाधान झालं. अक्षर बोटानं कसं कळलं, हे काही मला सुचलं नाही.

तर त्या रविवारी दादांनी स्कोप उघडला. मीटरचं टोक कुठं लावायचं ते त्यांना बघावंच लागत नव्हतं. थोड्या वेळानं म्हणाले, "उणे बाजू मेलेली हाय." रेग्युलेटर म्हणजे तीन पायांचा पार्ट. वरून कमीजास्त कितीही व्होल्ट येवोत, तो पुढं ठरलेलेच सोडतो. स्कोपमध्ये तसे दोन शेजारी शेजारी बसवलेले होते. त्यातला एक करपला होता आणि त्याच्यावरचा नंबर जळून गेला होता.

"आता नंबर न्हाई, तर बदली कोणता घालायचा?" दादांनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम वर्कशॉपातला झाला होता. "शेजाऱ्याला विचारायचं. शेजारी अधिक बारा देतो, तर हा त्याचा जोडीदार, उणे बारा देणारा. पुढचा कंडेन्सर तू आत्ताच वाचलास, सोळा व्होल्टाचा हाय, म्हंजे बराबर जमतंय. मग करंट किती लागतोय ते बघायचं. आणि शेवटी पाय. पाय दोघांना तीन तीनच, पर अधिकवाल्याचा मधला पाय जमिनीचा आणि उणेवाल्याचा पहिला. दिसायला दोघं सारखे, म्हणून घोळ होतो. म्हणून नंबर वाचल्याबिगर कोणता पार्ट लावायचा न्हाई. पेटीवर भरोसा ठेवायचा न्हाई. काय?"

"हो," मी म्हणाले. हे मी शंभर वेळा ऐकलं होतं.

दादांनी पेटीच्या दुसऱ्या ओळीतल्या तिसऱ्या कप्प्यात दोन बोटं घातली आणि एक पार्ट काढला. कित्येक वर्षं त्यांचा उणे बारावाला तिथंच राहत होता. त्यांनी पेटीकडे पाहिलंसुद्धा नाही. तो पार्ट त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला.

"वाच बरं माय, काय लिहिलंय?"

मी त्या दिवशी आधीच वैतागले होते. एसटीत उभ्यानं धक्के खात अर्धा रस्ता, मग मांडीवर ते वीस किलोचं धूड, वरून पूर्णेचं ऊन. आणि आल्यापासून दादांनी मला चार वेळा काही ना काही वाचायला लावलं होतं. माझं डोकं सटकलं.

"दादा, मी पंचेचाळिशीची घोडी झाले! अजून माझी परीक्षा घेताय का? वाचा की तुमचं तुम्ही!"

पार्ट मी टेबलावर ठेवला. ठेवला कसला, टाकलाच. दादा पुढं वाकले. त्यांनी टेबलावरून हात फिरवत तो शोधला. मला तेव्हा वाटलं, मुद्दाम नाटक करतायत. मी आईला म्हणाले, दूध आणते, आणि चपला घालून निघून गेले. दुधाच्या दुकानाशी एक जुनी मैत्रीण भेटली, तिच्याशी गप्पा मारत उभी राहिले. राग निवेपर्यंत घरी जायचं नाही असं ठरवलं होतं. चांगला तासभर तरी गेला असेल.

परत आले तर दादा खुर्चीत ताठ बसलेले, हात मांडीवर, चेहऱ्यावर हसू. "ये, ये. बघ. चालू झाला. जरा शेक लागू दे म्हणून तसाच ठेवलाय." दुरुस्त केलेलं यंत्र अर्धा तास चालू ठेवायचं, हीसुद्धा त्यांची वर्कशॉपातली सवय.

मी पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर रेघ नव्हती. मधोमध एक ठिपका होता, हिरवा, डोळ्यांना खुपेल इतका प्रखर, एका जागी खिळलेला. रेघ काढायची ती धावती किरणं एका जागी अडकली होती आणि अर्धा तास तिथंच पडदा जाळत होती. मी धावत जाऊन बटण बंद केलं. ठिपका विझला आणि त्याच्या जागी एक काळा डाग राहिला. तव्यावर भाकर करपल्यावर राहतो तसा.

"बंद का केलंस?" दादा म्हणाले. "हिरवं दिसायलं होतं की."

त्यांना हिरवं दिसत होतं. बास, तेवढंच. हिरवी रेघ आहे का हिरवा ठिपका, ते त्यांना कळत नव्हतं. मीटरचा काटा हलला, तेवढंही दिसलं होतं, पण किती हलला ते नाही. रक्तातल्या साखरेनं त्यांचे डोळे कधीपासून खाल्ले होते देव जाणे. त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

मी सोल्डरिंग गन घेतली आणि तो पार्ट काढला. खिडकीशी गेले. सात, आठ, एक, दोन. अधिक बारा. मग पेटीकडे पाहिलं. दुसऱ्या ओळीत तिसरा कप्पा, त्यावर माझ्या छान अक्षरातली चिठ्ठी, ७८१२. उणे बारावाले मी खालच्या ओळीत टाकले होते.

"काय निघालं?" दादांनी विचारलं.

"अधिक बारा."

दादांनी बोटांनी पेटीतला तो कप्पा चाचपला. मग हळूच म्हणाले, "मी तर बराबर कप्प्यातून काढला होता."

त्या वेळी मी म्हणायला पाहिजे होतं, दादा, कप्पे मी बदलले. तुमचा हात चुकला नाही. तुमचा हात आपल्या जागी गेला होता, मीच जागा हलवली. पाच-सात शब्दांचं काम होतं. पण मी ते बोलले नाही. लाज वाटली म्हणा. आणि खरं सांगते, आत कुठंतरी रागही होता. चिठ्ठ्या लावल्या होत्या ना मी? दिसत नव्हतं तर सांगायचं होतं! ह्या रागाच्या आड मी लपले आणि म्हणाले काय, तर, "होतं दादा असं कधी कधी. वय झालं की."

वय झालं की. हे मी माझ्या बापाला म्हणाले!

"दुसरा घालू का? उणे बारावाला आहे," मी म्हणाले.

"आता नको," दादा म्हणाले. "पडदा जळालाय ना? मग नको."

स्कोपचं झाकण मी लावायला घेतलं तर त्यांनी माझा हात बाजूला केला. "जा, आईला भाकरी कराय मदत कर. झाकण मी लावतो." मी आत गेले. मला त्यांच्यासमोर उभं राहवत नव्हतंच. स्क्रू फिरवल्याचा आवाज बराच वेळ येत होता.

सोमवारी विभागप्रमुखांनी पडद्यावरचा डाग पाहिला. "जाऊ द्या मॅडम," म्हणाले, "म्हातारं माणूस आहे, नजर चुकते." तिथंही मी मूग गिळून बसले. स्कोप कपाटात परत गेला आणि बाकीचे पाच जागचे हललेच नाहीत.

पुढच्या रविवारी गेले तर टेबलावर आईनं ज्वारीचे डबे ठेवले होते. सोल्डरिंग गनची वायर गुंडाळून खिळ्याला लटकवलेली. दादा बाहेर ओट्यावर बसले होते. कोणी चार्जर घेऊन आलं तर म्हणायचे, "आता माझ्या हाताचा भरोसा न्हाई, बाबा. दुसरीकडं बघ." हे ते अगदी सहज सांगायचे. मी प्रत्येक वेळी ऐकायची. डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं, पण आतला पडदाच गेला होता, उशीर झाला होता. दीड वर्षात दादा वाळत गेले. आजार असा काही मोठा नव्हता. हाताला काम नव्हतं. शेवटी शेवटी गोधडीची दशी बोटांत धरून पिळत बसायचे, वायर पिळावी तशी. मी शेजारी बसून ते बघायची आणि मनात म्हणायची, पुढच्या रविवारी सांगते. असे किती रविवार गेले त्याची गणती नाही.

ते गेल्यावर आई एकदा सहज बोलून गेली. "तुझी लय वाट बघायचे. आठवडाभर पार्ट बाजूला काढून ठेवायचे. म्हनायचे, रविवारी पोरगी येईल, वाचील." मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले. परीक्षा केव्हाच संपली होती. कधी संपली ते मला कळलंच नाही. त्यांना खरंच विचारायचं असायचं, आणि मदत मागायची लाज वाटायची म्हणून परीक्षेचं सोंग आणायचे.

ह्या उन्हाळ्यात आमच्या प्रयोगशाळेतलं जुनं सामान भंगारात काढायचं ठरलं. यादी करायचं काम माझ्याकडे आलं. डाग पडलेला तो स्कोप मी सगळ्यात शेवटी खाली काढला. दुपारची वेळ होती, पोरं परीक्षा आटोपून गेली होती, आणि मला वाटलं, एकदा उघडावा. वरातीमागून घोडं, दुसरं काय.

झाकण निघालं आणि आतल्या बाजूला चिठ्ठी दिसली. दादा माझ्यासारखे पुढं ढकलणारे नव्हते. शेजारी पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेले दोन पार्ट होते, एक करपलेला, दुसरा धडधाकट अधिक बारावाला. चिठ्ठीवरची अक्षरं बोराएवढी मोठी, एकमेकांवर चढलेली. एक ओळ कागदाच्या बाहेर जाऊन पत्र्यावर उमटली होती. न बघता लिहिलेलं होतं ते. भाषा मात्र वर्कशॉपातली.

"काढला उणे बारा. घातला अधिक बारा. नंबर न वाचता लावला. पडदा जळाला. चूक माझी. यंत्र आणणाऱ्या बाईंची यात काही चूक नाही."

मी ते किती वेळा वाचलं सांगता येत नाही. नोकरीत माझ्यावर बालंट येऊ नये म्हणून त्या माणसानं अंधारात चाचपडत ही शेवटची ओळ लिहिली होती. मी आत आईला भाकरी करू लागत होते तेव्हा. आणि ती चिठ्ठी पोटात असलेला स्कोप मीच परत आणून कपाटात ठेवला होता.

मी कोरा कागद घेतला. चिठ्ठी आधी, सोल्डर मागून. लिहिलं, "घातला उणे बारा. वरच्या चिठ्ठीतली शेवटची ओळ खरी नाही. पेटीचे कप्पे बाईंनी बदलले होते. त्यांना वाच म्हटलं, तेव्हा त्यांनी वाचलं नाही." तो कागद दादांच्या चिठ्ठीखाली चिकटवला. भंगारवाल्याशिवाय तो कोणी बघणार नाही, हे मला ठाऊक होतं.

मग कपाटातून नवा रेग्युलेटर काढला. तो तळहातावर ठेवला, खिडकीशी गेले, तिरपा करून उजेडाला धरला आणि रिकाम्या प्रयोगशाळेत मोठ्यानं वाचला. "सात. नऊ. एक. दोन. उणे बारा आहे, दादा."

तो लावला आणि बटण दाबलं. थोड्या वेळात रेघ आली, मधला डाग सोडला तर सरळ. मी उगीच थांबून राहिले. पास म्हणायला कोणी नव्हतं.